सप्टेंबरचा अंश, फेब्रुवारीचा छेद: जतची वयोरचना आणि आपले आराखडे

पेटचा निकाल लागला की ओळखीतल्या चार-पाच जणांचे संशोधन आराखडे माझ्याकडे वाचायला येतात. यंदा त्यातले दोन जत तालुक्याचे होते. एकात वयोरचना आणि आरोग्य सुविधा, दुसऱ्यात वयोरचना आणि शाळा. विषय दोन्ही चांगले, मेहनतही दिसत होती. पण दोघांच्या दुसऱ्या प्रकरणात एकच आकृती होती, आणि ती बघून मला माझाच तीन वर्षांपूर्वीचा आराखडा आठवला. तोच लोकसंख्या मनोरा, तीच निळी-गुलाबी पट्ट्यांची रंगसंगती, खाली तेच वाक्य: 'स्रोत: भारताची जनगणना, २०११'. माझा मनोरा कोर्सवर्कच्या सादरीकरणात कौतुकाने पाहिला गेला होता. चूक मला नंतर, एका अंगणवाडीत कळली.

आजचा लेख त्या मनोऱ्याबद्दल आहे. तो कशापासून बनतो, त्यात जत किती असतं, आणि त्यावरून अंगणवाडी किंवा शाळा किती लागतील हे ठरवायला गेलं की नेमकं काय बिघडतं, ते बघू. तुम्ही जतवर काम करत नसाल तरी वाचा. जतच्या जागी आटपाडी, माण, आष्टी, पाथर्डी घातलं तरी बरंचसं लागू पडेल.

आधी साधन बघू. सांगलीची जिल्हा जनगणना पुस्तिका आपल्यापैकी बहुतेकांनी डाउनलोड केलेली असते. तिचे दोन भाग. पहिल्यात प्रत्येक गावात काय सोयी आहेत: शाळा, दवाखाना, पाणी, पोस्ट, बस, बँक. सोय गावात नसेल तर ती किती लांब आहे हे अक्षराने दिलेलं असतं. 'ए' म्हणजे पाच किलोमीटरच्या आत, 'बी' म्हणजे पाच ते दहा, 'सी' म्हणजे दहाच्या पुढे. दुसऱ्या भागात प्रत्येक गावाची माणसं: एकूण, पुरुष, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, काम करणारे. सोयी एकीकडे आणि माणसं दुसरीकडे, दोन्ही गावनिहाय. स्थानिक नियोजनाचा अभ्यास करणाऱ्याला आणखी काय हवं?

वय हवं. आणि वय या पुस्तिकेत जवळजवळ नाहीच. गावपातळीवर वयाचा एकच स्तंभ आहे, शून्य ते सहा. म्हणजे प्रत्येक गावाची माणसं वयाच्या एकाच रेषेने कापलेली आहेत. रेषेच्या अलीकडे बाळं, पलीकडे सात वर्षांच्या पोरीपासून नव्वदीच्या आजोबांपर्यंत सगळे एका पोत्यात. ही रेषा सहाच्या पुढे का? अंगणवाडीसाठी असं आपल्याला वाटतं, कारण अंगणवाडीचंही वय सहापर्यंत. पण तसं नाही. १९९१ पासून साक्षरतेचा दर सात वर्षं आणि त्यापुढच्या लोकसंख्येवर काढतात. त्याचा छेद मिळवायचा तर एकूणातून शून्य ते सहा वजा करावे लागतात, म्हणून हा आकडा गावागणिक लागतो. पुढे बाल लिंगगुणोत्तरासाठी तो सगळ्यांच्या तोंडी झाला. अंगणवाडी नियोजनाला तो उपयोगी पडतो हे खरं, पण तो त्यासाठी छापलेला नाही. एखादा स्तंभ कुणाच्या गरजेतून जन्मला हे विचारायची सवय लावून घ्या. सारांश लिहिताना नाही, तर मर्यादा लिहिताना तिचा फार उपयोग होतो.

मग गावाला मनोरा कुठून येतो? इथे आपण सगळे तीच युक्ती करतो. पाच-पाच वर्षांच्या वयोगटांचा तक्ता जिल्ह्यासाठी मिळतो. जिल्ह्यात ५ ते ९ वयाचे इतके टक्के, १० ते १४ चे इतके, ६० च्या वरचे इतके. हे टक्के घ्यायचे आणि गावाच्या एकूण लोकसंख्येला लावायचे. एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम. जतच्या पूर्व टोकाच्या उमदीचाही मनोरा तयार आणि पश्चिमेच्या डफळापूरचाही, दोन्ही हुबेहूब सारखे. सारखे असणारच, दोन्ही सांगली जिल्ह्याचेच आहेत, फक्त मोठे-लहान करून छापलेले.

सांगली जिल्हा म्हणजे २०११ च्या मोजणीनुसार २८,२२,१४३ माणसं. त्यात सांगली-मिरज-कुपवाड महापालिका आहे, वाळव्याचा कृष्णाकाठ आहे, विट्याकडचा गलाई व्यवसायासाठी देशभर पांगलेला भाग आहे आणि जत आहे. जत क्षेत्रफळाने जिल्ह्यातला सगळ्यात मोठा तालुका, पाऊस सगळ्यात बेभरवशाचा, पूर्व आणि दक्षिण अंगाला कर्नाटक, कित्येक गावांत घरची भाषा कन्नड. सव्वातीन लाखांच्या वर माणसं, म्हणजे जिल्ह्याच्या बारा टक्क्यांच्या आसपास. उरलेल्या अठ्ठ्याऐंशी टक्क्यांची सरासरी आपण या बारा टक्क्यांवर चढवतो. निदान शून्य ते सहाचा गावाचा खरा टक्का पुस्तिकेतून काढा आणि तो जिल्ह्याच्या टक्क्याशेजारी ठेवून बघा. भागाकार फक्त एक आहे. तो न करताच मनोरा काढलेले आराखडे मी पाहिलेत, त्यात एक माझा.

पण ही चूक परीक्षक पकडतात, म्हणून तिच्यावर फार वेळ घालवत नाही. जी सहसा कुणी पकडत नाही ती वेगळी आहे.

माझ्या पहिल्या क्षेत्रभेटीत, डिसेंबरात, मी तो मनोरा छापून बरोबर नेला होता. जतच्या पूर्व भागातल्या एका गावात अंगणवाडी सेविकेला तो समजावून सांगत होते. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी विशी ते पस्तिशीच्या पट्ट्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ह्यातली निम्मी आत्ता हितं न्हाईत की, ताई. आणि ही बारकी बी न्हाईत." बारकी म्हणजे तळातली पट्टी. मी विचारलं, कधी येतील? "पाडव्याच्या म्होरं. कारखाना बंद झाला म्हंजी."

जतमधून ऊसतोडीला माणसं जातात हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या पहिल्या प्रकरणात त्यावर अख्खं पान होतं. दुसऱ्या प्रकरणातल्या मनोऱ्याशी त्या पानाचा काही संबंध आहे, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. स्थलांतर हा एक मुद्दा, वयोरचना हा दुसरा मुद्दा, असे कप्पे आपणच पाडतो.

आता जनगणनेच्या तारखा बघा. २०११ ची प्रत्यक्ष मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. संदर्भ क्षण १ मार्च २०११, मध्यरात्री बारा. नियम असा होता की एखादा माणूस त्या वीस दिवसांत कधीही आपल्या नेहमीच्या घरी असेल तर तिथे मोजायचा. पण तो सगळा काळ बाहेरच असेल तर घरी मोजायचा नाही, जिथे सापडेल तिथे मोजायचा. नियम शहाणपणाचा आहे, चार दिवस पाहुण्याकडे गेलेल्याला तो सांभाळून घेतो. पण फेब्रुवारी म्हणजे गाळपाचा ऐन हंगाम. दसरा-दिवाळीला टोळीबरोबर बाहेर पडलेला माणूस त्या वीस दिवसांत जतला येत नाही. नियम काटेकोर पाळला असेल तर तो आणि त्याची बायको वाळव्यात, कागलात किंवा सीमेपलीकडच्या कारखान्याच्या फडाजवळ, कोपीत मोजले गेले. बरोबर नेलेली लहान पोरं तिथेच. गावात राहिले ते आजी-आजोबा आणि त्यांच्याकडे ठेवलेली शाळेची पोरं.

नियम काटेकोर पाळला नसेल तर? प्रगणक कुलूपबंद घरासमोर उभा आहे, शेजारी नावं सांगतोय, आणि प्रगणक बहुधा त्याच गावातला शिक्षक असल्याने कुटुंब ओळखतो. तो नावं लिहून टाकू शकतो. तसं झालं असेल तर काही घरं गावात मोजली गेली, काही नाहीत. म्हणजे आपल्या हातातला आकडा पूर्ण फेब्रुवारीचाही नाही.

गंमत पुढे आहे. जतची माणसं जिल्ह्यातल्याच वाळव्याला गेली असतील तर जिल्ह्याच्या तक्त्यात ती दिसतात, फक्त जागा बदललेली. कोल्हापूरला किंवा कर्नाटकात गेली असतील तर जिल्ह्याबाहेर गेली. आणि त्याच वेळी सांगलीच्या फडात बीडकडून आलेल्या टोळ्या आहेत, त्या सांगली जिल्ह्यात धरल्या गेल्या. मग आपण जिल्ह्याचे टक्के घेऊन जतच्या गावाला लावतो तेव्हा काय करतो? गेलेल्या जतकरांच्या जागी कागदावर बीडची जोडपी आणून बसवतो. मनोरा भरलेला दिसतो म्हणून आपल्याला शंकाही येत नाही.

हे आकड्यात काय करतं ते बघू. खालचं गाव काल्पनिक आहे, आकडे मी सोयीसाठी धरलेत, कुठल्या खऱ्या गावाचे नाहीत.

सप्टेंबरात गावात २००० माणसं. ० ते १४ वयाची ६००, १५ ते ५९ ची ११८०, साठीपुढची २२०. दिवाळीनंतर ४२० माणसं जातात: कामाच्या वयाची ३००, पोरं ११०, वयस्कर १०. फेब्रुवारीत गाव १५८० चं. पोरं ४९०, कामाच्या वयाचे ८८०, वयस्कर २१०.

अवलंबित्व गुणोत्तर काढा. सप्टेंबरात दर शंभर कमावत्यांमागे साधारण ७० अवलंबून. फेब्रुवारीत ८० च्या जवळ. साठीपुढच्यांचा वाटा सप्टेंबरात ११ टक्के, फेब्रुवारीत १३ च्या वर. २०११ मध्ये देशाचा हा वाटा ८.६ टक्के होता, महाराष्ट्राचा ९.९. फेब्रुवारीचा आकडा घेऊन तुम्ही सहज लिहाल की 'अभ्यासक्षेत्रात लोकसंख्येचं वृद्धत्व राज्याच्या तुलनेत वेगाने होत आहे'. पाच महिन्यांत गाव म्हातारं झालं आणि पाडव्याला परत तरुण! असं वाक्य मी लिहिलं होतं, म्हणून सांगते.

पण वृद्धत्वाचं वाक्य प्रबंधात पडून राहतं. त्याने कुणाचं फार बिघडत नाही. शाळेच्या बाबतीत तसं नाही.

शाळेचा पट कधीचा? संचमान्यता आणि यूडायस, दोन्हींचा संदर्भ दिवस ३० सप्टेंबर. तेव्हा गाव भरलेलं असतं. आपल्या काल्पनिक गावात ६ ते १० वयाची २०० मुलं आहेत आणि त्यातली १९० पटावर, म्हणजे ९५ टक्के. झालेल्या प्रवेशांना मी दाद देईन. यातली ६० मुलं आईबापाबरोबर जातात, फेब्रुवारीत १४० मोजली जातात. आता तुम्ही काय करता? अंश यूडायसमधून घेता, १९०. छेद जनगणनेतून, १४०. उत्तर १३६ टक्के.

नोंदणीचं प्रमाण शंभराच्या वर गेलं की पाठ्यपुस्तकातलं स्पष्टीकरण हाताशी असतंच: वयापेक्षा मोठी किंवा लहान मुलं त्या वर्गात असतील. ते खरं असू शकतं. पण आपल्याकडे त्याला दुसरं स्पष्टीकरण लगेच चिकटतं, बोगस पट. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली होती, शाई लावून मुलं मोजली होती. पटावरची मुलं आणि हजर मुलं यांत अनेक ठिकाणी मोठी तफावत सापडली आणि तेव्हापासून जास्तीच्या पटाकडे संशयाने बघण्याची सवय लागली. तो संशय काही ठिकाणी रास्त होता, हे मान्य. पण आपल्या गावातल्या जास्तीच्या ५० मुलांत एकही बोगस नाही. ती सप्टेंबरात वर्गात बसलेली खरी मुलं आहेत. छेद दुसऱ्या महिन्यातला आहे इतकंच.

त्यात २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार राज्यात २०२३ पासून सुरू आहे. अशा वेळी एखादा प्रबंध 'या गावांत मुलांपेक्षा पट जास्त' असं सिद्ध करून बसला, तर तो नुसता चुकीचा नाही. उद्या कुणीतरी तो पुढे करील. वस्तीवरच्या शाळेतल्या दोन शिक्षकांच्या जागा त्या भागाकाराला टांगलेल्या असतात.

अंगणवाडीचं उलट होतं. निकष एकूण लोकसंख्येवर आहे: ४०० ते ८०० ला एक, ८०० ते १६०० ला दोन, १६०० ते २४०० ला तीन. आमचं गाव फेब्रुवारीत १५८०, म्हणून दोन. सप्टेंबरात २०००, म्हणून तीन. एक अंगणवाडी महिन्याच्या फरकात गेली, आणि ती वर्षभरासाठी नाही, पुढची मोजणी होईपर्यंत गेली. पुढची मोजणी २०२१ ला व्हायची होती, झाली नाही. आता संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. २०११ ला शून्य ते सहामध्ये मोजलेली मुलं त्या दिवशी १६ ते २२ वर्षांची असतील. त्यांच्यासाठी अंगणवाडी मागणारे तक्ते अजूनही आराखड्यांत येतात.

आणि हा निकषच जरा नीट वाचा. तो मुलांवर नाही, माणसांवर आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीला ३० हजारांमागे एक, उपकेंद्र ५ हजारांमागे एक, आशा साधारण हजारामागे एक. या प्रत्येक निकषाच्या पोटात एक वयोरचना गृहीत धरलेली आहे, फक्त ती लिहिलेली नाही. ८०० वस्तीच्या एका गावात बाळांचा वाटा १५ टक्के असेल तर १२० मुलं, दुसऱ्यात ९ टक्के असेल तर ७२. दोन्हीकडे सेविका एकच. जत सव्वातीन लाख, भागिले ३० हजार, म्हणून अकरा केंद्रं लागतील, हे गणित चौथीतलं आहे. संशोधन म्हणून त्यात काय केलं, असं व्हायवात विचारलं तर उत्तर नाही. प्रश्न असा हवा: त्या केंद्राच्या दारात कोणत्या महिन्यात कोण उभं असतं?

लसीकरणाचं एक उदाहरण घ्या. १५ ऑगस्टला गावात बाळ जन्मलं. सहा आठवड्यांचा डोस २६ सप्टेंबरला, दहा आठवड्यांचा २४ ऑक्टोबरला. दोन्ही गावात झाले. चौदा आठवड्यांचा २१ नोव्हेंबरला येतो, तेव्हा बाळ फडावर. नऊ महिने पूर्ण होतात १५ मेला, गोवर-रुबेलाला बाळ परत गावात. एकाच बाळाचं कार्ड दोन तालुक्यांत, कधी दोन राज्यांत भरलं जातं. जतच्या आकड्यांत तिसरा डोस गळलेला दिसेल आणि मे महिन्यात गोवराचं काम अचानक चांगलं दिसेल. नर्सबाई एप्रिलपर्यंत झोपल्या होत्या आणि मेमध्ये जाग्या झाल्या, असा त्याचा अर्थ नाही. पण टक्केवारीचा आलेख तसंच सांगतो.

'मग जन्मनोंदणी वापरू, ती तर महिन्याची आहे' असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं. जन्मनोंदणीत दुसरीच गोची आहे. जन्म जिथे घडला तिथे नोंदवला जातो, आई राहते तिथे नाही. जतच्या बायका बाळंतपणाला मिरज-सांगलीच्या दवाखान्यात जातात, पूर्वेकडच्या विजयपूरला जातात, आणि पहिलं बाळंतपण माहेरी, मग माहेर कुठलंही असो. त्यामुळे गावच्या रजिस्टरात गावचे जन्म कमी आणि माहेरवाशिणींचे जास्त. नुसते रजिस्टरवरचे जन्म मोजून पुढच्या पाच वर्षांची अंगणवाडी ठरवायची, तर सुनांची बाळं वगळून लेकींची बाळं मोजल्यासारखं होईल.

वयाच्या आकड्यातही एक महिना दडलेला आहे, हे जाता जाता सांगते. गावातल्या पन्नाशीच्या दहा माणसांची जन्मतारीख विचारा, तीन-चार तरी १ जून सांगतील. गुरुजींनी शाळेत घालताना टाकलेली तारीख. महाराष्ट्राचा सामूहिक वाढदिवस आहे तो. ज्यांना शाळा नव्हती त्यांचं वय शून्यावर किंवा पाचावर संपतं: चाळीस, पंचेचाळीस, साठ. एकेक वर्षाच्या वयाचा तक्ता उघडला की ५९ आणि ६१ च्या मध्ये साठीचा खांब उभा दिसतो. याचं मोजमाप व्हिपल निर्देशांकाने करतात. २३ ते ६२ वयाच्या लोकांपैकी शून्य किंवा पाच शेवटी असलेल्या वयाचे किती, त्याची पाचपट करून एकूणाने भागायचं आणि शंभराने गुणायचं. १०० आला तर कुणीच गोल आकडा पकडला नाही, ५०० आला तर सगळ्यांनी. १७५ च्या वर गेला की तक्ता फार कच्चा समजतात. साठीचा खांब ५८-५९ वाल्यांनाही ओढून घेतो, म्हणून '६० आणि पुढे' हा गट फुगतो. श्रावणबाळ योजनेला ६५ लागतात, एसटीच्या मोफत प्रवासाला ७५. त्या उंबरठ्यांच्या आसपास वय सांगताना माणूस फक्त आठवत नसतो, हे ध्यानात ठेवा. लाभार्थी किती हे वयोगटातून काढणार असाल तर हा निर्देशांक आधी काढा.

स्थलांतराच्या सर्वेक्षणातून हे सुटेल का? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ६४ व्या फेरीत, २००७-०८ साली, अल्पकालीन स्थलांतरित वेगळे मोजले होते. व्याख्या: वर्षभरात एक महिना किंवा जास्त, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेला. आता दसऱ्याला निघून पाडव्यानंतर परतणाऱ्याचे महिने मोजा. हंगाम लांबला तर तो सहाच्या पलीकडे जातो आणि व्याख्येतून गळतो, लवकर संपला तर आत येतो. साखरेचं वर्ष बरं गेलं की स्थलांतरित कमी झाल्यासारखे दिसण्याची शक्यता आहे.

आणि कुठलंही सर्वेक्षण माणसं मोजतं, मुकादम मोजतो कोयते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा असेल तर अर्धा. उचल मिळते ती कोयत्यावर. त्यामुळे कोण जातं याचं वय आणि वैवाहिक स्थिती या दोन्ही गोष्टी मुकादमाच्या हिशेबाने ठरतात. मनोऱ्यातली विशीची पट्टी दोन्ही बाजूंनी एकदम सारखी खचलेली दिसली, तर ती नोकरीसाठी गेलेल्या तरुणांची नसून जोडप्यांची आहे असा संशय घ्यायला जागा आहे. फक्त पुरुषांची बाजू खचली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पुणे-मुंबई किंवा गलाई शोधा. हे एवढं एक निरीक्षण मला मनोऱ्याने दिलं, हे त्याच्या बाजूने नोंदवते.

जनगणनेवर मी चिडलेली नाही. एवढ्या देशाला एकच तारीख लागते. १८८१ पासून मोजणी बहुतेक वेळा फेब्रुवारी-मार्चमध्येच झाली, अपवाद १९७१ चा, तेव्हा संदर्भ दिनांक १ एप्रिल होता. थंडी ओसरलेली, पाऊस नाही, पिकं निघालेली, माणसं घरी. हा हिशेब कोरडवाहू गावाला फिट बसतो. पण प्रवरानगरला १९५० साली पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढच्या काही दशकांत कृष्णा-पंचगंगेचा काठ उसाने भरला, तसा दुष्काळी पट्ट्याचा फेब्रुवारी बदलला. तो आता घरी बसण्याचा महिना उरला नाही. माझी तक्रार तारखेबद्दल नाही, ती तक्त्याखाली न लिहिण्याबद्दल आहे. पुस्तिकेत गावाच्या पानावर कुठेही 'या गावातून हंगामी बाहेर जातात' असा एक अक्षरी संकेत नाही. सोयी किती लांब आहेत यासाठी ए, बी, सी आहेत. माणसं किती महिने लांब आहेत यासाठी एक अक्षर परवडलं असतं.

तुमच्या आराखड्यात मग काय करायचं? जिल्ह्याचा मनोरा काढून टाका असं मी म्हणत नाही. ठेवा, पण त्यावर 'सांगली जिल्हा, फेब्रुवारी २०११' असं लिहा, गावाचं नाव लिहू नका. प्रत्येक गुणोत्तराच्या खाली अंश कोणत्या महिन्याचा आणि छेद कोणत्या महिन्याचा ते लिहा. ही एक ओळ लिहायला बसलात की निम्म्या चुका आपोआप समोर येतात. गावात जाऊ शकत असाल तर दोनदा जा, एकदा गणपतीच्या आसपास आणि एकदा जानेवारीत. तीसच घरं घ्या, पण तीच घरं दोन्ही वेळा. शाळेत फक्त पट मागू नका, हजेरीपट मागा आणि सप्टेंबर व फेब्रुवारीची पानं शेजारी ठेवा. हंगामी वसतिगृह असेल तर त्याची यादी वेगळी, कारण ती मुलं गावात आहेत पण आईबाप नाहीत. शिक्षण हमी पत्रक किती मुलांना दिलं ते विचारा, त्यावरून किती मुलं बाहेर गेली याचा अंदाज येतो. कन्नड माध्यमाच्या शाळा विसरू नका. जतमधल्या पाहणीत त्या सुटल्या तर पूर्व भाग सुटलाच.

आणि अंगणवाडीतलं कुटुंब सर्वेक्षणाचं रजिस्टर. माझ्या त्या सेविकेच्या रजिस्टरात समासात पेन्सिलने बारीक खुणा होत्या. मी विचारलं तेव्हा कळलं, गेलेल्या घराला एक रेघ, परत आलं की ती खोडायची. वरून तपासणी आली तर पेन्सिल पुसता येते म्हणून पेनने नाही. त्या रेघा मी मोजल्या. माझ्या प्रबंधातला गावाचा एकमेव खरा महिनावार तक्ता त्यातून झाला, आणि त्यात कुठल्याही घराचं नाव नाही, त्यांनी तशी अट घातली होती.

येणारी मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्येच आहे, म्हणजे पुन्हा गाळपाच्या हंगामात. तुमच्यापैकी ज्यांची नोंदणी यंदा होतेय त्यांना त्याआधीचा एक आणि नंतरचा एक सप्टेंबर मिळण्याची संधी आहे. दोन्ही सप्टेंबरांत तीच तीस घरं मोजून ठेवलीत, तर मधल्या फेब्रुवारीचा आकडा आला की तुमच्या गावापुरतं तरी तुम्हाला सांगता येईल, त्यातलं कोण सुटलं. तीस घरांची नमुना यादी कशी काढायची, घर बंद असेल तर बदली घर घ्यायचं की नाही, हे पुढच्या लेखात लिहिते. बदली घर घेऊ नका, एवढं आत्ताच सांगून ठेवते.